पहिल्या हाकेची ओ

"बाई, चहा घेणार काय?" असं बंकापुरे सरांनी मला पहिल्यांदा विचारलं, तेव्हा मी 'हो' म्हणायच्या आत शेजारच्या वर्गातल्या चार-पाच मुलांनी "हो सर" म्हणून उत्तर देऊन टाकलं. आमच्या निपाणीच्या कॉलेजातल्या भिंती पातळ आहेत हे खरं, पण त्या जाड असत्या तरी सरांच्या आवाजाला फारसा फरक पडला नसता. मी त्याच दिवशी रुजू झाले होते. मराठीच्या नव्या बाईंनी भौतिकशास्त्राच्या जुन्या सरांबरोबर चहा घेतला, एवढीशी गोष्ट, पण ती सरांच्याच तोंडून लायब्ररीपर्यंत पोहोचली.

आवाजाची सवय आठवड्यात झाली. दुसऱ्या सवयीनं मात्र मला छळलं. मी बोलायला लागले की सर माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघत. टक लावून. दोन दिवस मला वाटलं दातात कोथिंबीर अडकली असावी. तिसऱ्या दिवशी मी डब्यात कोथिंबिरीशिवायची भाजी नेली, तरी नजर तिथंच. शेवटी मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं, "सर, माझ्या तोंडाला काही लागलंय का?"

सर लाजले. एवढा मोठा माणूस एवढा लाजतो हे मी पहिल्यांदाच बघत होते. "तसं न्हाय बाई," ते म्हणाले, "आमच्या वडगावात सगळी असंच बघत्यात. मागाच्या घरात वाढलोय न्हवं मी. तिथं कानानं कोण ऐकतंय? व्हट बघायचं आन समजून घ्यायचं."

मी राहायला बेळगावच्या अनगोळात. माहेर खानापूर तालुक्यातल्या एका शेतकरी घरातलं. बेळगावात इतकी वर्षं राहूनही वडगाव-शहापूर या विणकरांच्या भागांत मी फक्त साडी घ्यायला जात असे. साडी ज्या खोलीत तयार होते त्या खोलीत उभं राहून पाहिलं नव्हतं. सरांनी ते बसमध्ये समजावलं. आम्ही दोघंही सकाळी बेळगावहून निपाणीची एकच बस धरायचो आणि संध्याकाळी तिनंच परत यायचो. सर समजावत, म्हणजे सगळ्या बसला समजावत. संकेश्वर येईपर्यंत मागच्या बाकावरच्या बायकाही माना डोलवायला लागत. याच पद्धतीनं माझ्या मुलीचा गणितात एक पेपर गेला हेही सगळ्या बसला कळलं होतं. कंडक्टरनं त्यानंतर महिनाभर माझ्याकडे कन्नडमध्ये तिच्या अभ्यासाची चौकशी केली.

सरांचं घर असं: पुढच्या सोप्यात चार यंत्रमाग, मागं स्वयंपाकघर, मध्ये एक पडदा. सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत माग चालू. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा ठोका एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि त्या ठोक्यानं घराची जमीनही हलते. मागावर बसणारा माणूस सहा वाजता माग बंद करतो, पण त्याच्या कानातला माग चालूच राहतो. तासभर तरी कानात कापूस कोंबल्यासारखं होतं. मग हळूहळू ऐकू येऊ लागतं.

हे विज्ञान झालं. सरांच्या आईला विज्ञान ठाऊक नव्हतं, पण तिनं घरात एक नियम घातला होता. माग थांबल्यावर तासभर कुणी महत्त्वाचं बोलायचं नाही. शाळेची फी, कुणाचं आजारपण, भावकीतलं भांडण, सगळं सातनंतर. आजूबाजूच्या घरांतही हीच रीत होती, फक्त ती कुणी बोलून दाखवत नसे.

सरांचा धाकटा भाऊ महादेव, त्याच्या लग्नाची गोष्ट सर फार रंगवून सांगत. मुलीकडचे सदलग्याहून आले ते नेमके सहा वाजता. वडील नुकतेच मागावरून उठलेले. आता पाहुण्यांनी काही विचारलं आणि यांना ऐकूच आलं नाही, तर मुलाचा बाप बहिरा म्हणून सोयरीक मोडायची. आईनं काय करावं? आधी चहा दिला. मग पोहे. मग घरात विणलेल्या साड्या एकेक करून उलगडून दाखवल्या. मग पाहुण्यांच्या प्रत्येक नातेवाइकाची नावानं विचारपूस केली. मग पुन्हा चहा. सात वाजले, वडिलांच्या कानात जीव आला, आणि आईनं पदर सावरून म्हटलं, "हां, आता बोला की."

"सदलग्याची माणसं अजून सांगत्यात," सर म्हणायचे, "काय ते आदरातिथ्य! आवो, त्यो प्रयोग हुता. आमच्या घरातला पहिला प्रयोग आईनं केला. मी फकस्त मागनं लिवून काढला."

इथं सगळी बस हसायची. पुढचं मात्र त्यांनी मला एकटीलाच सांगितलं, आणि तेव्हा त्यांचा आवाज त्यांच्या मानानं लहान होता. वडिलांचा तो एक तास हळूहळू दोन तासांचा झाला. मग सगळी संध्याकाळ गेली. मग एका सकाळी उठल्यावरही ऐकू आलं नाही, आणि ते परत कधीच आलं नाही. "आईनं हाक मारायची सोडली, बाई. खांद्याला हात लावून उठवायची. सणावाराला बाबा मधी बसायचं आन नुसतं हसायचं. कशाला हसायलाय त्येच त्यास्नी ठावं नसायचं."

वडिलांच्या माघारी आता त्याच मागांवर महादेव बसत होता. आणि आई त्याला हल्ली दोन हाका मारू लागली होती.

सरांचं सगळं संशोधन एवढ्याचसाठी होतं. धाकट्या भावाचे कान वाचवायचे होते. बाकी ज्याला आम्ही शोधनिबंध, पदोन्नती आणि प्रकल्प म्हणतो ते त्यांच्या गावी नव्हतं.

त्यांची पद्धत बघून मला आधी हसूच आलं होतं. आवाज मोजायचं यंत्र त्यांनी उसनं आणलं होतं, ते रीतसर होतं. पण खरी भिस्त होती एका शाळकरी वहीवर. वडगावातल्या एकेका घरी संध्याकाळी जायचं. माग बंद झाला की स्वयंपाकघरातून घरच्या बाईनं नेहमीच्या आवाजात हाक मारायची. ओरडायचं नाही, चढवायचं नाही, जेवायला बोलावतो तशी. ओ येईपर्यंत जितक्या हाका, तितक्या रेघा वहीत. मग रेघांच्या पुढं मागाखाली रबर आहे की नाही, कानात बोळे होते की नाही, ते लिहायचं. साखर कारखान्यातून भंगारात निघालेला जाड रबरी पट्टा चिकोडीच्या बाजारात मिळायचा. त्याचे तुकडे मागाच्या चारही पायांखाली घातले की जमिनीतून जाणारा हादरा कमी व्हायचा. आणि कानात साधे फोमचे बोळे. एवढंच. दोन्ही मिळून तीन हाकांची एक हाक व्हायची. असं वर्षानुवर्षं दर शनिवारी भरलेल्या वह्या सांगत होत्या.

या घरोघरच्या फेऱ्यांना सर कधी एकटे जात नसत. कुणीतरी बरोबर लागायचंच. पुढं पुढं ते काम माझ्याकडे आलं. "दोन माणसांनी ऐकलं तर खरं धरायचं," ते म्हणत. मी सोप्याच्या उंबऱ्यावर बसून ओ ऐकायची आणि बोट वर करायचं, सरांनी रेघ मारायची. मला वाटे, काय ही शास्त्राची शिस्त! आमच्या मराठी विभागात एका माणसानं ऐकलेली म्हण आम्ही खुशाल प्रबंधात घालतो.

निबंध छापून आला त्या दिवशी सरांनी सगळ्या स्टाफरूमला कुंदा वाटला. त्या नियतकालिकाच्या संकेतस्थळावर प्रत्येक निबंधाशेजारी एक रंगीत कडं असायचं आणि त्याच्या मधोमध एक आकडा. लोकांनी फेसबुकवर, ट्विटरवर, कुठं कुठं त्या निबंधाची किती चर्चा केली, त्याचा तो आकडा. दुसऱ्यांच्या कड्यात काही ना काही होतं. सरांच्या कड्यात शून्य, आणि रंगही नाही, नुसतं करडं. मी ते त्यांना मोबाइलवर दाखवलं आणि लगेच पस्तावले. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं.

"गोल हाय की छान," म्हणाले, "कड्यात पुन्ना एक कडं." आणि कुंद्याचा डबा माझ्यापुढं केला.

शून्याचं त्यांना दुःख नव्हतं. दुःख होतं ते हे की महादेवानं निबंध वाचणं तर सोडाच, रबरही घालू दिलं नाही. "अण्णा, तुझं पुस्तक वर कपाटात ठिव," तो म्हणायचा. "रबरावर माग नाचतंय. आन कानात बोळे घातले तर धागा तुटला ते मला कसं कळणार? मी माग बघून चालवत न्हाय, ऐकून चालवतो." यात खोटं काही नव्हतं. सगळ्या वडगावच्या वह्या भरल्या, घरचं पान मात्र कोरंच राहिलं.

मग आमच्या कॉलेजवर तपासणी समिती यायची ठरली आणि प्राचार्यांच्या अंगात आलं. भरायच्या फॉर्ममध्ये दोन रकाने शेजारी शेजारी होते. एक, संशोधनाची समाजमाध्यमांवरील दखल. दुसरा, संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम. प्राचार्यांनी दोन्ही वाचले आणि त्यांना ते एकच वाटले. मला बोलावून म्हणाले, "बाई, तुम्ही मराठीच्या. तुम्हाला लिहिता-बिहिता येतं. बंकापुरेंच्या कामाचा एक व्हिडिओ करा. लोकांनी बघितला पाहिजे." लिहिता येणाऱ्याला व्हिडिओही करता येतो हा शोध त्यांचा. पण मला ते काम आवडलं, खोटं कशाला बोलू? सरांचं काम चार लोकांपुढं यावं असं मलाही मनापासून वाटत होतं.

सरांच्या घरीच चित्रण केलं. महादेवानं भावाच्या भिडेखातर परवानगी दिली. माग थांबला, महादेव बीमच्या रुळावर उरलेलं सूत गुंडाळत पाठमोरा उभा राहिला. पडद्याआडून आईनं हाक मारली, "महादेवा!" काही नाही. "महादेवा!" काही नाही. तिसऱ्यांदा जरा लांबवून, "महादेवा ऽ ऽ!" तेव्हा तो वळला आणि अगदी निरागसपणे म्हणाला, "काय गं, बोलावलंस व्हय?" मग सरांनी रबर कसं घालायचं ते दाखवलं. पुढचे दोन पाय सोप्याच्या उजेडात होते, ते नीट दिसले. मागचे दोन भिंतीकडे अंधारात. सगळं मिळून व्हिडिओ लांबला. लांब व्हिडिओ कुणी बघत नाही म्हणतात, म्हणून मी मागचे दोन पाय कापून टाकले. म्हणजे व्हिडिओतून.

व्हिडिओ गाजला. मला वाटलं होतं शे-दोनशे लोक बघतील. तो निपाणीतून कोल्हापुरात गेला, तिथून कुठं कुठं गेला. कुणीतरी तीन हाका आणि "बोलावलंस व्हय?" एवढंच कापून त्यावर संगीत टाकलं. बायका आपल्या नवऱ्यांना तो पाठवायला लागल्या. कॉलेजची पोरं एकमेकांना पाठमोरी उभी करून "महादेवा!" ओरडायची. प्राचार्य दर तासाला आकडा बघायचे आणि तो दोन्ही रकान्यांत लिहायचे. मी सहज सरांच्या निबंधाचं ते कडं उघडून बघितलं. शून्य. एवढ्या माणसांनी ते बघितलं, पण त्याच्या मागं निबंध आहे, वह्या आहेत, त्यातलं कुणालाच काही नको होतं. निबंधाचा दुवा द्यायला मीही विसरले होते, ते वेगळंच.

सर मात्र दोन-तीन दिवस बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. मी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "महादेव बोलंना झालाय माझ्याशी."

हसणाऱ्या त्या सगळ्या लोकांत महादेवही एक माणूस आहे, त्याच्याकडेही मोबाइल आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी सरांबरोबर वडगावला उतरले. सहा वाजून गेले होते. महादेव सोप्यात बाकड्यावर बसला होता. मी त्याच्यापुढं उभी राहून माफी मागायला तोंड उघडलं, तोच आईनं माझा हात धरला.

"आत्ता नको बाई," ती म्हणाली, "आत्ता त्याला काय बी ऐकू येत न्हाय. तासभर बसा. मग बोला."

तो तास मी कधी विसरणार नाही. माझी माफी माझ्या तोंडात, आणि ज्याची मागायची तो समोर, पण त्याला ऐकू येईपर्यंत थांबायचं. आईनं चहा दिला. मग पोहे. मग एक साडी उलगडून दाखवली. मला सदलग्याची माणसं आठवली, पण हसू आलं नाही.

सात वाजले. मी बोलले. व्हिडिओ काढून टाकते म्हटलं.

"आता काढून काय करताय, बाई? हुबळीच्या पावण्यापतोर गेलाय त्यो," महादेव म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मला राग चालला असता. मग तो म्हणाला, "लोक हासली त्येचं न्हाय मला. मला वाटायचं आई एकच हाक मारतीया."

सर पुढं वाकून त्याच्या ओठांकडे बघू लागले.

"खरंच. मला एकच ऐकू यायची. मी म्हणायचो, एका हाकेत वळतोय की मी. अण्णा उगंच हाका मोजत बसतोय. त्या व्हिडिओत बघितलं तर तीन. मी पुन्ना पुन्ना लावून मोजल्या. तीनच." मग आईकडे वळून म्हणाला, "रोजच तीन मारतीस व्हय गं?"

आईनं पोह्यांच्या बशा उचलल्या आणि आत गेली. मला रडू आवरेना. सर भिंतीकडे बघत होते.

एवढंच झालं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण माझ्या कापलेल्या दोन पायांचं अजून बाकी होतं. वडगावात व्हिडिओ बघून बऱ्याच घरांनी रबर घातलं, आणि व्हिडिओत दिसलं तसंच, पुढच्या दोन पायांखाली. माग मागं कलला. दुसऱ्या गल्लीतल्या शांताक्काच्या घरी चालू मागावरून धोटा उडाला आणि समोरच्या शोकेसची काच फुटली. माग ती स्वतः चालवायची. त्या वेळी पाणी प्यायला ती बाजूला झाली होती म्हणून काचेवरच निभावलं. धोट्याचं टोक लोखंडाचं असतं, तो माणसाला लागला तर काय होतं ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

शांताक्का काच घेऊन सरांच्या दारात आली. "मास्तर, तुमच्या मोबाइलानं माझी शोकेस फोडली."

सरांनी त्या दिवशी कॉलेजात रजा टाकली. नंतर सगळी मे महिन्याची सुट्टी ते गल्लीगल्ली फिरले. दार वाजवायचं, मागाखाली वाकायचं, दोनाच्या जागी चारही पायांखाली तुकडे घालायचे. मी दिवसाआड बरोबर जायचे, पाप माझं होतं. सर शिकवण्यात हुशार, पण मागाचा पाय उचलून त्याची पातळी जमवणं हे काम वेगळं. पहिले तीन माग त्यांनी असे बसवले की शांताक्का म्हणाली, "मास्तर, पैला हुता त्योच बरा हुता."

चौथ्या दिवशी आम्ही तिच्याकडेच पुन्हा वाकलो होतो. मागून आवाज आला, "अण्णा, बाजूला हो." महादेव पाना-पक्कड घेऊन उभा होता. त्यानं एका ताटलीत पाणी घातलं, ती मागाच्या आडव्या पट्टीवर ठेवली आणि पाणी ज्या बाजूला झुकलं तिकडचं रबर तासलं. मग म्हणाला, "ज्या अंगाला ठोका जास्त, त्या अंगाला दोन थर लागत्यात. तुझ्या पुस्तकात एकच लिवलाय." सरांनी तिथल्या तिथं वही काढून ते लिहून घेतलं. भावाच्या हाताखाली हातोडी धरून उभे असलेले सर मी त्या दिवशी बघितले. एवढे खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

रबराचं असं झालं. आणि दुसऱ्याच्या मागाखाली रबर घालून त्याला "कानात बोळे घाल" म्हणणाऱ्याला स्वतःचे कान उघडे ठेवून चालत नाही. महादेवानं घरच्या मागांखाली रबर घातलं आणि कानात बोळे. दोन दिवसांनी कबूल केलं, "माग ऐकू येतंय. धागा तुटला तरी कळतंय. नुसता ठोका तेवढा लांब गेलाय." वर्षानुवर्षं सर हेच सांगत होते, आणि 'मी म्हटलं नव्हतं का' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. इतक्या मोठ्या आवाजाच्या माणसाला ते कसं जमत असेल कुणास ठाऊक.

मी एकदा बसमध्ये त्या व्हिडिओला शिव्या देत होते. सरांनी मला अडवलं. "तसं म्हणू नका बाई. त्यो नसता तर महादेवानं तीन हाका कवा मोजल्या असत्या? आन शांताक्का माझ्या दारात आली असती व्हय? लोकांनी दार उघडलं त्येच्यामुळं. आत जाऊन वाकायचं काम मात्र आपलं." मग त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणाले, जे ते वर्गात ध्वनीचा धडा सुरू करताना म्हणायचे: "ऐकू आलं म्हंजे ऐकलं न्हाय."

समिती आली. तिचे अध्यक्ष सरांना बघताच उठून उभे राहिले. "अरे, ते 'महादेवा' तुमचंच ना?" म्हणाले. "एकदा हाक मारून दाखवा ना!" प्राचार्यांनी सरांकडे आशेनं बघितलं.

सर हात जोडून म्हणाले, "साहेब, त्यो इथं न्हाय. हाक कुणाला मारू?"

अध्यक्ष हसले, पण त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं असावं, कारण मग त्यांनी विचारलं, "बरं, परिणाम काय झाला या कामाचा?" प्राचार्य आकडा सांगायला पुढं झाले. सरांनी त्यांच्याआधी वही पुढं केली. नुसत्या रेघा. अध्यक्षांनी पानं उलटली. त्यांना काही कळलं नसावं. कॉलेजला श्रेणी मात्र बरी मिळाली, ती बहुधा भिंतींना दिलेल्या नव्या रंगामुळे.

सरांच्या निवृत्तीचा दिवस आला. प्राचार्यांनी भाषणात व्हिडिओचा आकडा दोनदा सांगितला. सरांनी आभाराच्या भाषणात माइक नाकारला, आणि त्यांना कुणी आग्रहही केला नाही. परतीच्या बसमध्ये हार मांडीवर घेऊन ते बसले होते. कंडक्टरनं तिकिटाचे पैसे घेतले नाहीत, "इवत्तु बेडा सर," म्हणाला, आज नको. बेळगाव आलं तसे सर म्हणाले, "बाई, घरी चला. सहाच्या आत पोचू. एक पान भरायचं ऱ्हायलंय."

मला कळलं कुठलं पान.

आम्ही पोहोचलो तेव्हा माग चालू होते. उंबऱ्यावर उभं राहिलं की पूर्वी पायातून जो हादरा वर चढायचा, तो आता जाणवत नव्हता. आई आता फार थकली होती. स्वयंपाकघरात पाटावर बसून होती. सर तिच्यासमोर वही उघडून बसले, मी पडद्याशी. सहा वाजले. एकेक माग थांबला. महादेवानं कानातले बोळे काढून खिशात टाकले आणि पाठमोरा होऊन सूत आवरायला लागला.

"हं, आई," सर म्हणाले.

"महादेवा," आईनं हाक मारली. तिचा आवाज वयानं अगदी बारीक झाला होता. मी मनात म्हटलं, ही हाक माझ्यापर्यंत कशीबशी आली, पडद्यापलीकडं काय जाणार?

"ओ, आई. आलो," महादेव म्हणाला.

सरांची पेन्सिल तशीच वर होती. ते आईच्या ओठांकडे बघत होते, मग पडद्याकडे, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर नुसता प्रश्न होता.

"आली काय?" त्यांनी मला विचारलं.

इतक्या वर्षांनी मला तेव्हा कळलं. दोन माणसांनी ऐकलं तर खरं धरायचं, हे शास्त्र नव्हतंच. सर त्याच सोप्यात वाढले होते. त्यांना ओ कधी ऐकूच येत नव्हती. वडगावच्या सगळ्या वह्या त्यांनी दुसऱ्यांच्या कानांनी भरल्या होत्या, आणि ज्या एका ओसाठी सगळा खटाटोप केला ती ते तीन हातांवर बसून ऐकू शकले नव्हते.

मी त्यांच्यासमोर गेले. माझे ओठ त्यांना दिसतील अशी बसले. "आली सर," म्हणाले, "पहिल्या हाकेला."

त्यांनी मान हलवली. पेन्सिल माझ्या हातात दिली. "तुमी लिवा, बाई. तुमी ऐकलंय."

मी घरच्या कोऱ्या पानावर एक रेघ मारली. तोवर पडदा सारून महादेव आत आला, आणि आईनं तासभर न थांबता त्याला सांगायला सुरुवात केली, की अण्णा आता रोज घरी असणार, तर सकाळचा चहा त्याला कुठल्या वेळी द्यायचा ते आजच ठरवून टाकूया. महादेव खाली बसून ऐकत होता. सर दोघांच्या ओठांकडे आळीपाळीनं बघत होते, आणि हसत होते. कशाला हसतायत ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.